टोंगळ्या

सभागृहाच्या दाराशी सत्यभामाबाईंनी चपला काढल्या, पायानंच त्या भिंतीकडे सरकवल्या आणि पदर सावरत आत पाहिलं. आत सगळी पोरं बुटासकट बसली होती. टेबलाटेबलावर लॅपटॉप, मधून वायरींचं जाळं, कडेला पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा. एवढी पोरं असून बोलण्याचा आवाज नाही. नुसती बोटं वाजत होती, पत्र्यावर मूग सांडावेत तशी.

"आजी, चपला राहू द्या पायात. इथं चालतं," दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली.

"तुमाले चालत असंन. मले नाई चालत." सत्यभामाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू अर्पिता ना? सलोनीच्या जोडीची?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"ती म्हणे, अर्पिता म्हणजे चश्मा अन् हसणं. दोनी दिसून राह्यले."

अर्पिता खरंच हसली. तोवर सलोनी टेबलांमधून वाट काढत धावत आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी गुंडाळलेले. ती वाकून पाया पडली.

"सुखी राहा, सलोनीबाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बऱ्या आहात ना?"

सलोनीचा हात पायावरून निघायला जरा वेळ लागला.

"किती आदरानं बोलतात गं तुझ्या आजी!" अर्पिता तिच्या कानाशी लागली. "माझी आजी तर मला अजून 'ए ठमे' म्हणते."

सलोनीनं आजीसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची पुसली.

पोळ्याच्या आधीपासूनच सत्यभामाबाई नातीला 'सलोनीबाई' म्हणत होत्या, आणि त्याला कारण होतं. या स्पर्धेतून काही मुलं निवडून पुण्याची एक कंपनी त्यांना सहा महिने शिकायला नेणार होती. सलोनीनं ते आधी बापाला विचारलं आणि आजीला नंतर सांगितलं. सांगणं म्हणजे विचारणं नव्हे, हे कळायला सत्यभामाबाईंना दुसरीपर्यंतची शाळा पुष्कळ झाली. नीळकंठ, सलोनीचा बाप, तुरीच्या पेरणीपासून पोरांच्या जावळापर्यंत सगळं आईच्या तोंडाकडं पाहून ठरवणारा माणूस. त्यानं अंग काढून घेतलं. "आई जा म्हणंन त जाय," म्हणाला. तेवढ्यात ढाणकीहून सोयरीक आली. मुलगा बरा, शेत ओलिताचं, माणसं बोलायला गोड. त्यांना दुसरीकडंही एक मुलगी पाहायची होती, म्हणून आज सायंकाळपर्यंत शब्द हवा होता. शब्द म्हणजे सत्यभामाबाईंचा शब्द. "आपल्या डोयानं पाहीन, मंग बोलीन," असं सांगून त्या सकाळीच दारव्ह्याहून जीपमध्ये बसल्या होत्या, पुढच्या सीटवर. ड्रायव्हरनं त्यांच्या शेजारी आणखी एकाला कोंबायचं म्हटलं, तेव्हा "त्याले तुह्या मांडीवर घे" असं सांगून त्या यवतमाळपर्यंत ऐसपैस आल्या.

खुर्चीवर त्यांनी मांडी घातली.

"काय म्हणते वं याले? हाकाठाण?"

"हॅकेथॉन, आजी."

"तेच ते. हाका माराचं ठाणं. अन् अथी त कोणी कोणाले हाक मारून नाई राह्यलं."

एकेक जोडी मंचावर जाऊन आपापलं काम दाखवू लागली. एकानं कपाशीचं पान मोबाईलपुढं धरलं आणि मोबाईलनं रोगाचं नाव सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सत्यभामाबाईंनीही वाजवल्या, मग मोठ्यानं विचारलं, "अन् फवारा पाठीवर कोण घेते? मोबाईलच का?" मागच्या रांगा हसल्या. मंचावरचा मुलगाही हसला आणि "ते पुढच्या वर्षी करतो, आजी," म्हणाला. त्यांना तो मुलगा आवडला.

मग अर्पिता आणि सलोनीचं नाव पुकारलं गेलं.

अर्पितानं माइक घेतला. "आमचा प्राण्यांच्या लढाईचा खेळ आहे. यात बटणं नाहीत. तुमचा प्राणी तुमचं बोलणं ऐकतो. धीर दिलात तर त्याची ताकद वाढते, रागावलात तर घटते. वर जी हिरवी पट्टी दिसते ती त्याची ताकद. पट्टी संपली की प्राणी संपला. तो लढताना काय करेल, हे आम्ही ठरवलेलं नाही. तुमचे शब्द ऐकून यंत्र स्वतः ठरवतं. चित्रं माझी आहेत. बोलणं समजून घेण्याचा भाग सलोनीचा."

परीक्षक पुण्याहून आले होते. स्वानंद नाव, वय फार नसेल, दाढीत दोन-चार पांढरे केस. ते खुर्चीतून उठलेच. "मग मीच खेळतो. समोर मात्र असं कुणी द्या, ज्यानं हा खेळ कधी पाहिलेलाच नाही." त्यांनी सभागृहावर नजर फिरवली. ती पहिल्या रांगेत, मांडी घातलेल्या अनवाणी पायांवर येऊन थांबली. "आजी, तुम्ही याल का?"

सलोनी चटकन म्हणाली, "सर, आजीचं बोलणं जरा..."

"जरा काय, सलोनीबाई?" सत्यभामाबाई उठल्याच होत्या.

परीक्षकांनी आपला प्राणी बोलून घडवला. चंदेरी पंखांचा बिबट्या, डोळ्यांत वीज, पंजे पोलादाचे. ते म्हणत गेले तसा तो पडद्यावर उभा राहत गेला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. सत्यभामाबाई तोंड उघडं टाकून पाहत राहिल्या. तोंडातून शब्द निघावा आणि त्याला तिथल्या तिथं कातडी, नखं, शेपूट फुटावी, हे कीर्तनात ऐकायला ठीक. पण हे तर भर दुपारी, पंख्याखाली घडत होतं.

"तुह्यं जनावर मी काढते, आजी," सलोनी म्हणाली आणि तिनं एक बटण दाबलं.

पडद्याच्या डाव्या कडेनं आधी एक कान आत आला. पळसाच्या पानाएवढा. मग दुसरा. मग कणगीसारखं पोट, आणि पोटाखाली चार पाय. प्रत्येक पायाला दोन गुडघे होते. एक पुढं वाकणारा, एक मागं. तो प्राणी मधोमध आला, नाक वर करून त्यानं हवेचा वास घेतला आणि सभागृहाकडं पाहिलं.

सत्यभामाबाईंच्या हातातला माइक खाली आला.

"मायबाई," त्या म्हणाल्या. "टोंगळ्या."

सलोनी लहानपणी ताटात भात टाकून उठायची. एका सायंकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या, दुसरं काहीच सुचेना म्हणून, सत्यभामाबाईंनी तोंडाला येईल ते सांगितलं होतं. तुरीच्या गंजीत टोंगळ्या रायते. त्याच्या एकेका पायाले दोन-दोन टोंगळे. म्हणून त्याले वळा लागत नाई, मांगं पाहता पाहता पुढं येते. कान पयसाच्या पानाएवढे. ताटात भात टाकला का त्याले वास लागते. पोरीनं ताट चाटूनपुसून खाल्लं. मग जेव्हा जेव्हा गरज पडली तेव्हा टोंगळ्या आला, आणि पोर मोठी झाल्यावर आला नाही. सत्यभामाबाई त्याला विसरूनही गेल्या. एका सायंकाळची थाप ती. त्यांनी स्वतः तो कधी पाहिला नव्हता. आणि आता तो समोर उभा होता, श्वास घेत होता, आणि जसा सांगितला होता तसाच होता.

"हा कुठं सापडला तुले?"

"तूनंच त सांगतला होता."

त्यांना आणखी विचारायचं होतं. पण खेळ सुरू झाला होता.

"शाब्बास, चंदेरी! जा पुढं! तू जिंकणारच आहेस!" परीक्षक खेळात रंगून गेले होते. त्यांच्या बिबट्याची पट्टी फुगली. त्यानं पंख मिटून झेप घेतली आणि टोंगळ्याच्या कुशीत पंजा मारला. टोंगळ्या धडपडला. सगळे गुडघे एकदम दुमडले. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली.

"बोला आजी! काहीतरी बोला!" मागून पोरं ओरडली.

सत्यभामाबाई नुसत्या बघत होत्या. बिबट्यानं दुसरा पंजा मारला. पट्टी बोटभर उरली. टोंगळ्या जमिनीवर लोळला आणि त्याचा एक कान हळूच मिटला, दिवसभराच्या उन्हात भाजीचं पान मिटावं तसा.

"ऊठ बे मुर्द्या!"

सभागृह दचकलं. सत्यभामाबाईंनी माइक तोंडाशी धरला होता, लाटणं धरावं तसा.

अर्पिता सलोनीकडं झेपावली. "माइक बंद कर! शिव्यांनी संपेल तो. आपण पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा 'मेल्या' म्हटल्याबरोबर मेला होता ना!"

"राहू दे," सलोनी म्हणाली. तिनं हात माइकच्या बटणापासून दूर घेतला.

"लोयून काय राह्यला म्हशीवानी? पटकी नेली तुले! त्या पाखं लावलेल्या मांजरीच्यानं मार खाते? भाताचा वास बरा येते बयताडाले, तवा बरे पाय चालते! ऊठ, मुर्दा बशिवला तुह्या, ऊठ!"

पट्टी हलली. आधी वाटलं, संपली. मग ती उजवीकडं सरकली, आणखी सरकली, अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढं गेली. टोंगळ्यानं मिटलेला कान उघडला. मागचे गुडघे टेकून तो उठला, मग पुढचे टेकून. बिबट्यानं झेप घेतली. टोंगळ्या वळला नाही. तोंड बिबट्याकडं ठेवूनच तो झरझर मागं गेला. बिबट्या रिकाम्या जागी आपटला, आणि त्याच पायांनी, न वळता, टोंगळ्या पुढं आला आणि कणगीसारख्या पोटानं त्याला असा काही ढकलला, की चंदेरी पंख पडद्याच्या कडेवरून घसरत बाहेर गेले.

मग तो थांबला. बिबट्या जिथं पडला होता तिथली जमीन त्यानं हुंगली. काही खाण्याजोगं नाही असं पाहून तो खाली बसला.

पोरं खुर्च्यांवर चढली होती. परीक्षक दोन्ही हात वर करून हसत होते. "हरलो! पण मला एक सांगा. आजींनी त्याला एवढ्या शिव्या दिल्या. तुमच्या नियमानं त्याची ताकद घटायला हवी होती. ही चूक राहिली आहे का?"

सलोनी पुढं आली. ती आजीकडं पाहत नव्हती.

"चूक नाही, सर. तयार यंत्राला आमच्याकडचं बोलणं कळत नव्हतं. 'मेल्या' म्हटलं की ते 'मेला' समजायचं. म्हणून मी घरचं बोलणं भरलं. आजीचंच जास्त. मग एकेक वाक्य ऐकून त्याच्यापुढं लिहिलं, हा राग, ही भीती, ही माया. त्यावरून ते शिकलं."

"आणि आजींच्या शिव्या?"

"मायेत आहेत."

"सगळ्या?"

"शिव्या सगळ्या." सलोनी थांबली. "राग वेगळा आहे. ती अहोजाहो करते तेव्हा रागावलेली असते. ते मी रागात टाकलं."

सभागृह खो खो हसलं. परीक्षकही हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. अर्पिता मात्र हसता हसता थांबली. तिनं सलोनीकडं पाहिलं, मग आजीकडं.

सत्यभामाबाईंनी माइक टेबलावर ठेवला. घरातली बोचकी कुणीतरी चव्हाट्यावर सोडावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं. पण त्या उतरून गेल्या नाहीत. मंचावरच्या खुर्चीत बसून राहिल्या.

चहाची सुट्टी झाली. निकाल चहानंतर होता. पोरं बाहेर गेली, अर्पिताही गेली. पडद्यावर टोंगळ्या एकटाच बसला होता. मधूनच नाक वर करी, मधूनच कान हलवी.

"माह्यं बोलणं कवा भरलं तूनं?"

"घरी आली का मोबाईल मसाल्याच्या डब्याले टेकवून ठेवो मी."

"मले वाटे, पोट्टी बोटं फिरवून राह्यली." सत्यभामाबाई पडद्याकडंच पाहत होत्या. "चोरी झाली हे."

"हो, आजी. झाली."

सत्यभामाबाईंनी विचारलं, "अन् तुले कसं समजलं, कोनतं बोलणं कायचं ते?"

सलोनीनं पायरीवर बसकण मारली. "तू शिव्या देते तवा तुहा हात ताटाकडं येते. भाकर पडते. अहोजाहो करते तवा हात पदरात रायते."

सत्यभामाबाईंनी खाली पाहिलं. हात पदरात होते. त्यांनी ते बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. घरातल्या कुणाला, अगदी सलोनीच्या आजोबांनाही, हे कधी कळलं होतं की नाही, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आणि हे डोळ्यांखाली काळं घेऊन बसलेलं लेकरू एकेक वाक्य कानाला लावून पारखत बसलं होतं, तांदूळ निवडावे तसं.

पडद्यावर टोंगळ्या उठला, दोन पावलं मागं गेला, पुन्हा येऊन बसला.

"याले हे चालणं कोणं शिकवलं? मागंपुढं?"

"कोणीच नाई. चित्र अर्पितानं काढलं. पण असे टोंगळे असले का चालाचं कसं, ते आमाले तरी कुठं माहीत? आमी याले पाय देल्ले अन् सोडून देल्लं. पडला, उठला, पडला. पयले दिवस त नुसता लोये. मंग एक दिवस आमी येऊन पाह्यलं, त चालून राह्यला होता."

"आपल्या मनानं?"

"आपल्या मनानं."

"अन् तुमाले भेव नाई वाटलं? कुठंबी जाईन म्हणून?"

"वाटलं ना. पण धरून ठेवला असता त शिकला नसता."

सलोनी हे टोंगळ्याबद्दलच बोलत होती. बोलून झाल्यावर मात्र तिनं मान खाली घातली.

सत्यभामाबाईंच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी तो सलोनीकडं दिला, सलोनीनं बटण दाबून परत त्यांच्या कानाशी धरला. नीळकंठचा आवाज शेतातून बोलल्यासारखा मोठा होता, दोघींना ऐकू येत होता.

"आई, ढाणकीवाल्यायचा फोन येऊन गेला. काय सांगू? त्याहीले घाई हाये."

"नीळकंठराव," सत्यभामाबाई म्हणाल्या.

पडद्यावर टोंगळ्याचे दोन्ही कान पडले. हिरवी पट्टी बोटभर मागं सरकली.

"आपण त्यायले हात जोडून कळवा. म्हणा, दुसरीकडची मुलगी खुशाल पाहा. आमची सध्या रिकामी नाई."

"आई... मी काय केलं?" नीळकंठचा आवाज एकदम लहान झाला.

"काहीच नाई केलं, तेच त म्हणून राह्यली. लेकीच्या गोष्टीले बापानं आपलं तोंड उघडावं कधी. ठेवा आता."

सलोनीनं फोन खाली घेतला. तो बंद करायचं तिला सुचलं नाही. बाहेर चहाच्या पेल्यांचा आवाज येत होता, कुणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं.

"आजी, अजून निकाल नाई लागला," ती हळूच म्हणाली. "माह्यं नाव नाई आलं तर?"

सत्यभामाबाई उठल्या. पडद्याकडं पाठ करून त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. तिच्या कसेतरी गुंडाळलेल्या केसांत त्यांनी बोटं घातली आणि मान हलेल एवढ्या जोरानं ती बट मागं सारली.

"नाई आलं त निकालाले घाल चुलीत. तिकीट काढता येते ना तुले? बयताड पोट्टे, माह्या तोंडाकडं पाहून काय राह्यली? कवाची उपाशी हाये, मुर्दे! थोबाड पाह्य कसं झालं, गाडली तुले! चाल, खाऊन घे आधी. तिकडं पुण्यात कोण बसलं तुले ताटावर बसवाले?"

सलोनी उठली नाही. तिची नजर आजीच्या खांद्यावरून मागं गेली होती. माइक चालूच होता.

पडद्यावर हिरवी पट्टी शेवटच्या टोकापर्यंत भरली होती. टोंगळ्या उभा राहिला होता. त्यानं मान मागं वळवली, कान ताठ केले, आणि मागं पाहता पाहता तो पुढं चालू लागला.